उटीची बस आणि मैंदर्गीची येळवस

मल्लिनाथनं सहलीची तारीख ठरवली ती ऑफिसातलं कॅलेंडर बघून, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. ते कॅलेंडर कुठल्यातरी कंपनीनं फुकट वाटलेलं होतं, गुळगुळीत कागदाचं, वर बर्फाचा डोंगर. त्यात तीस डिसेंबरला फक्त सोमवार होता. घरातल्या कॅलेंडरात त्याच चौकोनात एक काळा गोल होता आणि खाली बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. पण ते वाचायचं काम लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, बायकोकडं होतं.

मल्लिनाथ सोलापुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क. राहायला शुक्रवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. वर गच्ची आणि गच्चीत त्याच्या बायकोच्या, पूनमच्या, एकतीस कुंड्या. ह्या दिवाळीत त्यानं गळ्यात अडकवायचा मोठा कॅमेरा घेतला आणि ह्या सरळमार्गी माणसाच्या अंगात बागेची फोटोग्राफी संचारली. सकाळी सहाला उठून तो गच्चीत पालथा पडायला लागला. जास्वंदीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर जास्वंदीएवढं खाली जावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच दिवशी शेजारच्या गोजरबाईंनी कठड्यावरून हे बघितलं. माणूस चक्कर येऊन पडला असं समजून त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि मग ओरडल्या. (आधी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कॅमेरा थोडक्यात वाचला, मल्लिनाथ आठवडाभर शिंकत होता.) नळाला चार-चार दिवस पाणी नसताना अख्खी बादली एखाद्यावर ओतायची म्हणजे केवढी माया! पण त्या गारठ्यात त्याला ती कळली नाही.

फुलं मात्र खरंच नादाला लावतात हो. शेवंतीच्या पाकळीवर तिरपं ऊन आलं, गुलाबाच्या काठावरून एखादी मुंगी निघाली, की मल्लिनाथचा श्वास अडकायचा. अकरा वर्षं तो ह्याच कुंड्यांशेजारी टॉवेल वाळत घालत होता, पण एक फूल कधी दिसलं नव्हतं. आता दिसत होतं! आनंदाच्या भरात तो बटण दाबताना मोठ्यानं "आहाहा!" म्हणायचा आणि हात हलायचा. त्यामुळं त्याच्या निम्म्या फोटोंत फुलापेक्षा आहाहाच जास्त असायचं.

अशात त्याला सहलीची जाहिरात दिसली. 'नववर्ष बाग-विशेष सहल. बंगळूर, म्हैसूर, उटी. सोलापूरहून बस, तीस डिसेंबर.' त्यानं बाकी काही वाचलंच नाही. भिंतीवर बघितलं, सोमवार दिसला, सोमवारी कुणाची काय हरकत असणार म्हणून दोन सीट पक्क्या करून टाकल्या. रजा मंजूर करून घेतली. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, "उटीला चाललोय, बागेच्या फोटोग्राफीसाठी." शिपायाला तर दोनदा सांगितलं.

घरी येऊन सांगितल्यावर पूनमनं आनंदानं टाळीच वाजवली. लग्नानंतर ती माहेरापलीकडं फार कुठं गेलीच नव्हती. उटी तिनं पाहिली होती ती बिस्किटाच्या डब्यावर. तिनं त्याच संध्याकाळी दोन स्वेटर आणले, शेंगाचटणी कुटली, कडक भाकरी बांधून ठेवल्या. सगळं झाल्यावर विचारलं, "आणि निघायचं कधी?"

"तीस तारखेला. सोमवारी."

पूनमच्या हातातला चटणीचा चमचा तसाच राहिला. ती भिंतीकडं गेली, काळ्या गोलावर बोट ठेवलं आणि वळून म्हणाली, "अहो, येळवस हाय की त्या दिवशी!"

आता ज्याला कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीची सासुरवाडी नाही त्याला ह्यातलं गांभीर्य कळायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत जी अमावस्या येते ती येळवस. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करायची, ताकातली आंबील शेतभर शिंपायची आणि मग जेवायचं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून पंगतीला बसवतात. तिथं घरचा जावईच आला नाही तर?

मल्लिनाथनं सासऱ्यांना फोन लावून चाचपून बघितलं. "मामा, ह्या वर्षी येळवसेला जरा जमणार नाही असं वाटतंय..."

पलीकडून सिद्धप्पा म्हणाले, "न्हाय जमलं तर न्हाय जमलं. लोक म्हनतील, सिद्धप्पाच्या लेकीचं घरात कायतरी बिनसलंय. म्हनू द्या. आमी खाली मान घालून जेवू."

पूनम शेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं तिथंच डोळ्याला पदर लावला. एका डोळ्यात येळवस होती आणि दुसऱ्यात उटी, आणि दोन्हींतनं पाणी येत होतं.

शेवटी पूनमच्या भावानं, प्रभुनं, तोड काढली. त्याच्याकडं बोलेरो होती. "दाजी, सकाळीच बॅगा घेऊन हिकडं या. पूजा करा, दोन घास खावा. तीनला मी गाडी काडतो. साडेपाचला सोलापुरात सात रस्त्याला सोडतो. बस सहाची हाय न्हवं? लई टाइम हाय."

"नक्की ना बे? बस चुकली तर मला ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही."

"शंभर टक्के."

तर अशा रीतीनं तीस तारखेला सकाळी दहाला मल्लिनाथ गळ्यात कॅमेरा अडकवून सासऱ्यांच्या शेतात उतरला, आणि उतरल्या उतरल्या "आहाहा!" म्हणाला. पोटऱ्यातली ज्वारी, करडईची हिरवीगार रानं, मधे हरभरा, कोपीशेजारी लाल-पिवळ्या साड्यांची ही गर्दी! त्यानं सासूबाईंचा, म्हणजे मल्लव्वांचा, आंबिलीच्या मडक्यासकट फोटो काढला. पूजेचा काढला. पंगतीचा काढला. मग पोटभर जेवला. पालेभाज्यांची ती घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि वर दोन तांबे आंबील. तेव्हा बारा वाजले होते आणि इथंच थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

पण जावई फोटोग्राफर झालाय ही बातमी बांधाबांधानं पसरली. शेजारच्या रानातनं शहाजी पळत आला. "दाजी, आमचा बी एक घ्या की. पोरगीवाल्यांना पाठवायला मला चांगला फोटोच न्हाय." मल्लिनाथचा ऊर भरून आला. आजवर त्याला कुणी फोटो काढ असं म्हटलं नव्हतं, उलट थांब असंच म्हटलं होतं. तो गेला. त्यानं शहाजीला करडईत उभं केलं, ज्वारीत उभं केलं, बैलाला टेकून उभं केलं. फोटो झाल्यावर शहाजीच्या आईनं ताट वाढलं. मल्लिनाथला कानडी एकच शब्द येत होता, तो त्यानं वापरला, "साकु, साकु!" म्हणजे पुरे. पण येळवसेला पाहुण्याच्या पुरेला कोण विचारतो? लाजतोय म्हणून आणखी एक उंडा पडला. वर तांब्याभर आंबील.

तिथून पुढच्या रानात. तिथून त्याच्या पुढच्या. सगळं गाव नव्या कपड्यांत शेतात हजर, त्यामुळं एकालाही शोधायला जावं लागलं नाही. फोटो झाला की ताट, ताट झालं की आंबील.

चौथ्या रानात अंबुबाई होत्या, वय नव्वदीच्या घरात. त्या म्हणाल्या, "बाळा, माजा असा काड की हार घालायला शोभंल. घरात एक बी फोटो न्हाय. मी गेले की ह्या सुना आधारकार्डावरचा लावतील. त्यात मी चोर दिसती." मल्लिनाथला गहिवरून आलं. त्यानं त्यांच्यासाठी तासभर घालवला. अंबुबाईंनी कवळी बसवली, कुंकू नीट केलं, नवं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि ऊन बरोबर गालावर येईपर्यंत हलल्यासुद्धा नाहीत. इतकं कह्यातलं फूल त्याला गच्चीतही मिळालं नव्हतं. एकामागून एक चाळीस फोटो काढले त्यानं.

पावणेतीनला प्रभु धावत आला. "दाजी, चला! बॅगा गाडीत हायत, ताई बसलीय."

"आलोच. फक्त बिरप्पाचं रान राहिलंय. तो दोनदा बोलवून गेला, वाईट दिसेल. तू एवढा कॅमेरा गाडीत ठेव, मी दोन घास खाऊन पाच मिनिटांत येतो."

बिरप्पा मेंढरंवाला, मनानं फार मोठा. त्यानं कोपीत घोंगडं अंथरून पाहुण्याला बसवलं. मल्लिनाथनं त्या दिवशीचं सहावं ताट संपवलं, आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला आणि तो खाली ठेवता ठेवता स्वतःही खाली झाला. बिरप्पाला दया आली. शहरातला माणूस, दमला असेल. त्यानं वरून दुसरं घोंगडं घातलं, माश्या बसू नयेत म्हणून तोंडावरूनही ओढलं आणि मेंढरं घेऊन निघून गेला.

मल्लिनाथ जागा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. बाजूला सिद्धप्पा सुपारी कातरत बसले होते.

"किती वाजले, मामा?"

"सव्वासहा."

"अहो, बस!"

"गाटली की."

"पूनम?"

"ती गेली."

"आणि बॅगा?"

"गेल्या."

"माझा कॅमेरा?"

"त्यो बॅगांसंगं गेला."

मल्लिनाथनं डोळे चोळले. "आणि माझी सीट?"

सिद्धप्पांनी जरा घसा साफ केला. "ती मोकळी कशाला सोडायची? तुमच्या मामी गेल्या. सगळं रान पालथं घातलं बगा तुमच्यासाटी. तुमचा फोन बी गाडीतच वाजत हुता. हितं बी येऊन गेलो, पर घोंगडंच दिसलं. पूनम रडाय लागली. तवा मल्लव्वा म्हनली, मैंदर्गीत मानूस हरवून हरवून हरवल किती? नवरा सापडंल की उद्या. बस काय थांबायची न्हाय. मग बिरप्पा मेंढरं घेऊन परतला तवा तुमी कुटं हाय ते कळलं, आन पूनमला फोन करून सांगितलं."

आता सोलापूरला परत जाण्यात अर्थ नव्हता. ऑफिसात सगळ्यांना उटी सांगून ठेवलेली. रजा पाच तारखेपर्यंत, म्हणजे पाच तारखेपर्यंत तोंड लपवणं आलं. मल्लिनाथ सासऱ्यांचं धोतर नेसून मैंदर्गीतच राहिला.

आश्चर्य म्हणजे त्याचे दिवस वाईट गेले नाहीत. गावात त्याला एकदम मान आला. रोज कुणीतरी विचारत यायचं, "फोटो कदी मिळत्याल?" तो ऐटीत सांगायचा, "कॅमेरा उटीला गेलाय, पाच तारखेला येतोय. एकेकाला मोठा करून, फ्रेम लावून देतो." शहाजीनं पोरगीवाल्यांना फोटो येतोय म्हणून कळवूनही टाकलं. अंबुबाई तर सकाळ-संध्याकाळ काठी टेकत यायच्या. "लवकर आन रं बाबा. माजा काय भरोसा?"

उटी नाही तर नाही, पण पहिलं प्रदर्शन मैंदर्गीत! मल्लिनाथला रोज नवा हुरूप येत होता.

एक तारखेला संध्याकाळी पूनमचा फोन सिद्धप्पांच्या मोबाइलवर आला. अंगणात शहाजी होता, बिरप्पा होता, अंबुबाई ओट्यावर टेकलेल्या होत्या. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मल्लिनाथनं स्वतःच्या हातानं स्पीकर चालू केला.

"अहो, नवीन वर्षाच्या शुभेच्छा!" पूनम आनंदानं ओरडतच होती. "काय बाग हाय, काय फुलं हायत! तुमी पायजे हुता की! आईनं तर कॅमेरा सोडलाच न्हाय हातातनं. दोनशे फोटो काढले. एक बी हललेला न्हाय!"

"हो का?" मल्लिनाथ जरा तुटकच म्हणाला. मग त्याला आपल्या गर्दीची आठवण झाली आणि त्यानं आवाज चढवला. "बरं, आणि माझे बघितलेस का? येळवसेचे? सगळं गाव इथं वाट बघतंय."

"कुठले?"

"कॅमेऱ्यातले गं."

"कॅमेऱ्यात काय न्हवतंच की! आईनं पयला फोटो काढला तर म्हैसूरच्या बागेतला माळी म्हनला, आजी, ह्यात कार्डच न्हाय. मग तिथं नवीन घेतलं. तुमचं कुटं हाय?"

मल्लिनाथला सोलापूर दिसलं. ऑफिस दिसलं. शुक्रवारी सगळ्यांना जास्वंद दाखवायला काढलेलं ते कार्ड, अजून कॉम्प्युटरलाच लावलेलं, तेही दिसलं. ऐन येळवसेला सहा रानं, सहा ताटं, दीडशे फोटो, आणि एक म्हणून एक कुठं उमटलेला नव्हता.

शहाजीनं हळूच मोबाइल काढला आणि पोरगीवाल्यांचा नंबर शोधायला लागला. अंबुबाईंनी कवळी काढून पदरात बांधली, काठीवर जोर देऊन उठल्या आणि मल्लिनाथकडं बघून म्हणाल्या, "वाटोळं केलंस बग माजं. आता तुज्यापायी पुडच्या येळवसेपत्तुर जगावं लागतंय मला."