बाबलकाका आणि झोळीचा नांगर

बाबलकाका आमच्याकडे आले की आधी खुर्ची हलवून बघतात. दोन्ही हातांनी पाठ धरायची, चारही पाय खडखडवायचे, मग बसायचं. चहाचा कप ठेवायच्या आधी स्टुलाची परीक्षा. माझ्या पुतण्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी मांडवाचा खांब हलवला आणि वरची झेंडूची माळ भटजींच्या डोक्यावर आली. सगळे ओरडले. काका मात्र समाधानाने म्हणाले, "सैल आसा. मी मगासधरना सांगतंय."

"सैल आसा" हा त्यांचा ठरलेला शेरा. आमचं फाटक सैल, पंचायतीचा कारभार सैल, माझ्या हातची सोलकढीसुद्धा सैल. जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती. तेव्हा त्या धंद्याची ही खोड म्हातारपणी वर आली असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

देवबागला माझं घर समुद्राला लागून. दोन खोल्या पाहुण्यांना देते. पाहुण्यांसाठी म्हणून मी लोखंडी स्टँडची, आडवं पडून झुलायची झोळी मागवली. काकांच्या बायकोने, लक्ष्मीकाकीने, ती कुंपणापलीकडच्या त्यांच्या ओट्यावरून बघितली. काकी गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून खाट आणि ओटा एवढंच तिचं जग. ती मला हळूच म्हणाली, "गो, माका एकदा त्या झोळयेत पडूचा आसा. दर्याकडे बघीत."

हे काकांच्या कानावर गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या मिनिटाला ते आमच्या अंगणात हजर. स्टँडबरोबर आलेले वीतभर लांबीचे चार खिळे मी रेतीत ठोकले होते. एक त्यांनी दोन बोटांनी रेतीतून उपटला.

"हेका खुंटो म्हणतत? हेच्यान दात कोर!"

"शनिवारी पाहुणे यायचेत, काका."

"पाहुणे गेले खड्ड्यात. रेतीत उभो खुंटो धरणा नाय. आडवो पुरूक व्हयो."

मग चार कोपऱ्यांना चार चर खणले, ओली रेती लागेपर्यंत. चार पोत्यांत रेती भरली, प्रत्येकाच्या कमरेला दोरी बांधली, पोती चरांत आडवी निजवली आणि दोरीची टोकं तिरकी वर काढून स्टँडच्या पायांना बांधली. वर रेती, त्यावर पाणी, त्यावर काकांचे पाय. नाचत होते म्हणा ना. मी हसत होते, काकी ओट्यावरून हसत होती, वाडीतली कुत्रीही जमली.

"आता वाडीत सगळ्यात जड कोण आसा?"

रवळू. खानावळ चालवतो आणि तिथलं बरंचसं स्वतःच संपवतो. तो आला, म्हणाला, "काकानू, जेवूक बोलावल्यात की वजनाक?" आणि झोळीत पसरला. दोन हेलकावे छान गेले. तिसऱ्याला अख्खा स्टँड खेकड्यासारखा बाजूला सरकला, कलंडला, आणि रवळू तोंडाने रेतीत.

पोती जागची हलली नव्हती. चूक दोऱ्यांची होती. काकांनी प्रत्येक दोरी हातभर ढिली सोडली होती. का? तर होडी नांगरताना ढील सोडावीच लागते, भरतीला होडी वर उचलली जाते म्हणून! हाताला जन्मभराची सवय. माझ्या अंगणात भरती येत नाही, हे कुणी त्या हातांना सांगितलंच नव्हतं.

रवळू तोंडातली रेती थुंकत खो खो हसला. मीही हसले. काका हसले नाहीत. "तू असतीस तर?" एवढंच काकीला म्हणाले आणि घरात गेले.

काकीने मला ओट्यावर बोलावलं. "पडलंय मी, पण भियाले हे," ती म्हणाली. "आधी असे नव्हते गो. हेलकावत्या होडयेत उभ्यान जेवायचे. माझ्या पडण्यापासून सगळा हलवून बघतत."

मला स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर मी त्या खोडीवर विनोद करत होते.

शनिवारी सकाळी काकांनी दोऱ्या ताणून बांधल्या. रवळू पुन्हा आला, पुन्हा पडला, पण झोळीतच, आणि उठायलाच तयार होईना. दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी काकीला हाताला धरून आणलं, बसवलं, पाय वर घेतले. मग स्टँडचा दांडा घट्ट पकडून उभे.

"सोडा आता. मी पडूचंय नाय."

काका हलेनात.

"अवो, सोडा! झुलूक तरी दिया माका!"

त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. झोळी झुलली, काकी मुलीसारखी हसली, समोर दर्या. काका जरा वेळ तसेच उभे होते, मग शेजारच्या रेतीवर आडवे झाले, आणि बघता बघता घोरायला लागले.

मी त्यांना सावलीत घ्यायला पुढे झाले, तर काकीने बोट ओठांवर ठेवलं. "उठवू नको गो. वरसभर माझ्या खाटेकडे बसान आसत. दुपारचे डोळे मिटूक नायत."

तेवढ्यात पाहुणे आले, झोळी कुठाय विचारत. मी त्यांना हळू बोलायला सांगितलं आणि मागच्या दाराने घरात नेलं.