हरिहरेश्वरचं भरीत

आमचे नाना हरिहरेश्वरला निघाले ते सोबत सरपण घेऊन. कोकणात, जिथं अंगणापासून समुद्रापर्यंत झाडंच झाडं आहेत तिथं, पार जळगावकडच्या सावद्याहून, गाडीच्या टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा बांधून.

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. सावद्याजवळ त्यांचा केळीचा मळा आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला सासरी. नाना एकटे राहतात, पण आवाज असा की घरात दहा माणसं आहेत असं वाटावं. मळ्यात त्यांनी हाक मारली की बांधापलीकडच्या मळ्यातला गडीही ओ देतो.

सहलीची व्यवस्था माझ्याकडे होती, कारण आमच्या घरात सगळीच व्यवस्था माझ्याकडे असते. माणसं अकरा, गाडी एक. कोणती बॅग कुठे ठेवायची तेसुद्धा मी लिहून काढलं होतं. त्यात सरपण नव्हतं. वांग्यांचं पोतं, भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा, भरीत ठेचायची लाकडी कुंडी, मुसळ, केळीच्या पानांची गुंडाळी, यातलं काहीच नव्हतं.

मी मूळची धुळ्याकडची, शिंदखेड्याची. एरवी शुद्ध बोलते, पण डोकं फिरलं की तोंडात माहेर येतं.

"नाना, हाई काय शे?"

"भरताचं सामान. तुम्हा धुळ्याकडच्यांले नाही समजायचं."

"अहो, तिथे गॅस आहे."

"गॅसवर वांगं भाजत नाही वं सूनबाई, नुसतं काळं होते. काड्याच पाहिजे."

माणूस ओळखायची नानांची रीत एकच: भरीत वाढून बघायचं. दुसऱ्यांदा मागितलं तर माणूस बरा, तिसऱ्यांदा मागितलं तर आपला, आणि 'पुरे' म्हणाला तर, "चांगला असन, पन आपल्या कामाचा नाही." भाचीला बघायला पुण्याचा मुलगा आला होता. त्याने भरीत चमच्याने खाल्लं. नानांनी त्याच्यासमोरच विचारलं, "हात दुखते काय भो?" लग्न तरीही झालं. आता तो जावई हिवाळ्यात मुद्दाम येतो, हाताने खातो आणि घाम पुसत पुन्हा मागतो. "सुधारला," असं नाना सगळ्या गावाला सांगतात.

एकदा जळगावच्या दवाखान्यात नाना चार दिवस होते. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलं. नानांनी डॉक्टरांचं ऐकलं, भरताचा एक घास खाल्ला नाही. फक्त घरी सोडायच्या दिवशी मळ्यातून भरताचं पातेलं मागवून सगळ्या वॉर्डला जेवू घातलं आणि डॉक्टरांना डबा दिला. मला या माणसाचा अभिमान आहे. त्यांच्या हातचं भरीत खाल्लं की मी काही काळ सावद्याची होते. माझ्या माहेरी हे सांगू नका.

हरिहरेश्वरला पोचलो. दर्शन झालं. ओहोटी होती, म्हणून खडकांवरून प्रदक्षिणाही झाली. बाकीचे समुद्र बघत होते, नाना गाव बघत होते. लाल मातीची गल्ली, कुंपणाला चिऱ्यांचे गडगे, अर्धवट लोटलेली दारं. दिसेल त्याला ते मोठ्याने "राम राम" घालत होते. समोरचा माणूस दचकून मान हलवायचा आणि आत जायचा.

"जागा चांगली निवडली देवानं," नाना म्हणाले. "पन इथं मानसं कुठं राहतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण काकूंची परवानगी काढली आणि मागच्या नारळाच्या वाडीत सामान मांडलं. पोतं पूर्ण ओतलं. हिरवी-पांढरी, हातभर वांगी.

"नाना, अकरा माणसांना एवढी?"

"मानसं येतीन."

"कोण येणार? इथे आपल्याला ओळखतं कोण?"

नाना काडेपेटी शोधत राहिले.

सावद्याला हा भारा एका काडीत पेटतो. पण रात्रभर समुद्राची हवा खाऊन काड्या सर्दावल्या होत्या. ज्वाळा आली नाही, धूर आला. आधी पांढरा, मग पिवळा, मग असा दाट की समोरची नारळाची झाडं दिसेनात. आमची मुलं खोकत पळाली. नाना मधोमध बसून फुंकर घालत होते.

"अहो, वाडी पेटली की काय!" काकू धावत आल्या. मागून शेजारचे दोघे पाण्याच्या बादल्या घेऊन आले, त्यांच्यामागे त्यांच्या बायका, त्यांच्यामागे देवळातून परतणारे गुरुजी. गडग्यावर डोकीच डोकी.

"वांग्यासाठी एवढा होम?" काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या गणपतीला एवढा धूर होत नाही हो!"

मी माफी मागायला पुढे झाले. तोवर नाना उठून उभे राहिले होते. डोळे लाल, मिशांवर राख, आणि तोंडभर हसू.

"आले पाहा! बादल्या ठेवा भो तिकडं. बसा, बसा. आता जेवूनच जायचं."

शेजाऱ्यांनी सुकी झावळी आणून जाळ नीट लावून दिला. वांगी फुटू लागली, लसूण-मिरची कुंडीत पडली, मुसळाचा ठेका सुरू झाला. काकूंनी ओलं खोबरं घालू का विचारलं. नानांनी हात जोडले. गुरुजी जरा लांब उभे होते.

"लसूण आहे का?"

"भरपूर आहे."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "आज सोमवार नाही. वाढा."

मी आणि जाऊबाई भाकऱ्या थापत होतो, त्या तव्यावरून परस्पर पानात जात होत्या. बादलीवाल्याने तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा नानांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसका लागला. ज्या गावाला लोक शांततेसाठी जातात तिथे सावद्याची पंगत बसली होती आणि ती माझ्या घरच्या माणसाने बसवली होती. मला किती मिरवावंसं वाटत होतं.

सगळे हात धुऊन गेल्यावर नाना स्वतःचं पान घेऊन बसले. मी कुंडी त्यांच्याजवळ सरकवली.

"दमलात ना? घरी मळ्यात तर दर वर्षी करता. इथे कशाला एवढा त्रास?"

"गेल्या साली केलं होतं मळ्यात," नाना म्हणाले. "सगळ्यांले निरोप देला. पाटील पुण्याले पोराकडं गेला. भास्करले डॉक्टरनं तेल बंद केलं. दोघं वर गेले. बाकीचे म्हने, येतो, येतो." त्यांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. "मी एकटाच जेवलो वं सूनबाई. गोड नाही लागलं."

माझं पोट गच्च भरलेलं होतं. मी केळीचं एक पान उचललं, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, "वाढा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुंडी खरवडून अर्धं भरीत माझ्या पानावर वाढलं. मी घास उचलला, तेव्हा कुठे त्यांनी उचलला.