बरोबरीत सोडवलेला सामना

या मंडळी, असे पुढं सरका. कीर्तनात मागं भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या वाट्याला निरूपण अर्धं आणि झोप पुरती येते, तसं आज नको. आमच्या नाथाजीरावांनी सांगलीच्या टेनिस कोर्टावर काय करून ठेवलं, ते सांगतो. हसा खुशाल! पण माणूस देवाचा आहे, एवढं आधीच कबूल करून टाका.

नाथाजीराव तासगावकडचे. द्राक्षबाग सांभाळायची आणि जिथं टाळ वाजेल तिथं जाऊन बसायचं, हा त्यांचा संसार. दुसरा मान म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. दोन पैलवान मातीत लोळून लोळून ओळखू येईनासे झाले, तरी एकही चीत होईना, की नाथाजीरावांनी उठायचं, आखाड्यात शिरायचं, दोघांचे हात वर धरायचे आणि "बरोबरीत सोडवलीऽऽ!" म्हणून आरोळी ठोकायची. मग दोघांनाही फेटे. त्यांचा शब्द पडला की हलगीसुद्धा गप्प!

त्यांचा पुतण्या राजवर्धन पाचगणीच्या शाळेत टेनिस शिकला. जोडीदार मल्हार, माण तालुक्यातला. त्याचे वडील त्याच शाळेत माळी होते. दोघं मिळून दुहेरी खेळत. यंदा सांगलीत सिमेंटच्या कोर्टावर मोठी स्पर्धा भरली, परदेशी खेळाडू उतरले, आणि आमची पोरं एकेकाला धूळ चारत अंतिम सामन्यात!

पण राजवर्धनच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या धैर्यशीलरावांनी, पोराला बजावलं होतं, "ही श्येवटची. जिंकलास तर खेळ. हरलास तर रॅकेट माळ्यावर आन् तू बेदाण्याच्या शेडवर."

"दादा, घोर सोडा!" नाथाजीराव छाती ठोकून म्हणाले. "मी जातोय न्हवं? मैदान मातीचं आसू द्या न्हाईतर सिमिटाचं, माझ्या डोळ्यांम्होरं पोराचं वंगाळ हुनार न्हाई!"

"आवं, तुमी खेळाय चाललाय का बघाय?" मनुबाईंनी, त्यांच्या कारभारणीनं, विचारलं.

"बघाय. पन जबाबदारीनं!"

झालं. पांढरंशुभ्र धोतर, कपाळी बुक्का, पिशवीत चार फेटे आणि मैदानाच्या पूजेला नारळ. नारळ दारावरच्या शिपायानं काढून घेतला. "आजोबा, फेकून मारायची वस्तू आत चालत नाही." नारळ फेकून मारतात! नाथाजीरावांना हे शास्त्र नवीनच होतं.

आत बघतात तर पंच उंच खुर्चीवर, माळावरच्या राखणदारासारखा. "बुवा लय उंचावर बसल्यात," ते मनुबाईंच्या कानात म्हणाले, "पन बोलत्यात किती कमी! नुसतं आकडं!"

"गप ऱ्हावा. लोक बघत्यात."

गप? कीर्तनात बुवा जरा थांबले की हातानं आपसूक टाळी धरायची, हे नाथाजीरावांच्या हाडात मुरलेलं. राजवर्धननं सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला, सगळीकडे शांतता पसरली, आणि नाथाजीरावांची टाळी पडली! चेंडू जाळीत. पुन्हा चेंडू वर, पुन्हा टाळी, पुन्हा जाळीत. वरून बुवा इंग्रजीत काहीतरी बोलले. सगळं स्टेडियम नाथाजीरावांकडं वळलं.

"काय म्हनलं गं?"

"हात मांडीखाली घ्या म्हनलं," मनुबाईंनी स्वतःच भाषांतर केलं.

हात मांडीखाली गेले, तर पाय नाचू लागले. तापल्या खापरातली लाही जशी बसत नाही, तसे नाथाजीराव बसेनात. उठायला गेले, तर मागचा ओरडला. वाकले, तर पुढच्याच्या टोपीवर आपटले. पहिला सेट आपला, दुसरा त्यांचा! मग निकालाचा टायब्रेक सुरू झाला. दहा गुण आधी करील तो जिंकला, पण दोनाच्या फरकानं.

नऊ-नऊ.

"बरोबरी," शेजारचा म्हणाला.

दहा-दहा. पुन्हा बरोबरी. अकरा-अकरा!

चौघांचे कपडे घामानं अंगाला चिकटलेले. समोरच्या परदेशी जोडीतला ताडमाड गडी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतोय. मल्हारच्या पोटरीत गोळा आलाय. नाथाजीरावांचं काळीज लोण्यासारखं पघळलं. काय ही निर्दय माणसं! कुणी शहाणा उठतोय का बघा!

"मनू, हे आता सोडवाय पायजे."

"काय सोडवाय? आवं, बसा! आवं!"

पण नाथाजीराव फेटे घेऊन पायऱ्या उतरलेसुद्धा. खाली फाटकाशी उभ्या माणसानं बघितलं: धोतर, बुक्का, हातात चार फेटे. त्याला वाटलं, बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे! त्यानं नमस्कार केला आणि अदबीनं फाटक उघडलं.

एवढ्यात आपल्या पोरांनी एक गुण घेतला होता. बारा-अकरा! आता एकच गुण, की करंडक आपला. चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं. ताडमाड्यानं उंच उडवला. राजवर्धन मागं सरकला, उडाला आणि असा काही हाणला म्हणता! चेंडू कोपऱ्यात आदळून पार प्रेक्षकांत गेला. सांगली उठून उभी राहिली!

आणि त्याच क्षणी कोर्टात आरोळी घुमली, "बरोबरीत सोडवलीऽऽ!"

नाथाजीराव जाळीशी उभे. एका हातात ताडमाड्याचं मनगट, दुसऱ्यात मल्हारचं.

"लेट!" वरून बुवा गरजले. चेंडू खेळात असतानाच बाहेरचा माणूस आत शिरला, म्हणून तो गुण रद्द. परत खेळा!

राजवर्धन आधी पंचाकडं बघत राहिला, मग काकाकडं. "काका! आवं, जिंकलोवतो आमी!"

"जिंकलावतास?" नाथाजीरावांच्या हातातून फेटे गळाले. "मंग बरोबरी कुटं गेली रं?"

दोघांनी दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. गुण परत खेळला गेला. मल्हारच्या पोटरीनं दगा दिला, चेंडू जाळीत. पुढचे दोन गुणही गेले. परदेशी गडी जिंकले, आणि हा इथला रिवाज समजून कोर्टावर पडलेले फेटे आपणच डोक्याला गुंडाळून हसत हसत करंडक घेऊन उभे राहिले.

घरी धैर्यशीलराव माळ्याला शिडी लावूनच बसले होते. नाथाजीराव शिडीला आडवे झाले. "दादा, पोरगं हरलं न्हाई. मी हरीवलं. त्येला एक वरीस द्या. शेडवर मी बसतो."

धैर्यशीलरावांनी मिशीला पीळ दिला. "दिलं. पन येक अट. पोराची मॅच आसंल तितं नाथा दिसता कामा न्हाई."

आठ-दहा दिवसांमागं पुण्याच्या स्पर्धेला जाताना राजवर्धनचा फोन आला. "काका, गावात सप्ताह बसवलाय. बुवा ठरवलं, मांडव सांगितला, समदा खर्च माजा. टाळकऱ्यांत फुडं तुमीच पायजे!"

"पोरगं देवाला लागलं गं!" नाथाजीरावांनी डोळे पुसले. मनुबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळल्या.

सगळा बेत चोख होता. पण पोरं या खेपेला हरायचं नाव घेईनात! सप्ताहाचा काला आज झाला, आणि अंतिम सामना आहे उद्या.

तेव्हा मंडळी, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा राजवर्धन-मल्हारची आठवण ठेवा. आणि तासगावच्या स्टँडवर कपाळी बुक्का लावलेले कुणी सद्गृहस्थ पुण्याची गाडी कुठं लागते म्हणून विचारू लागले, तर तुम्हांला देवाची शपथ आहे, सांगा, की आत्ताच गेली!