एकविसाव्या शनिवारचं तेल

“मोजल्याशिवाय ओतायचं नाही, खरे! तेल असो नाहीतर पाणी!”

वागळे इस्टेटमधल्या कंपनीत तानाजी फोरमन असं ओरडायचे, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. प्रभाकर खरे तेव्हा स्टोअर्समध्ये कारकून होते आणि काही ओतण्याचं काम त्यांच्याकडे कधीच आलं नव्हतं. तरी ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी, डोंबिवलीतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, डोक्याला बायकोचा, सुमतीबाईंचा, जुना स्कार्फ बांधून ते गाडीखाली शिरले, तेव्हा कानात तेच घुमत होतं.

“अहो, डॉक्टरांनी वाकायला नको सांगितलंय ना?” सुमतीबाई हळूच म्हणाल्या. त्या सगळंच हळू म्हणत.

“मी वाकलेलो नाही. आडवा झालोय.”

“शोरूमला दिली असती तर...”

“शोरूम!” गाडीखालून आवाज घुमला. “मागच्या बिलात त्यांनी ‘किरकोळ’ असं लिहिलेलं. किरकोळ म्हणजे काय ते विचारायला मी तीनदा ठाण्याला गेलो. ती विनिता नावाची मुलगी आता मला बघितलं की जेवायला निघून जाते. सकाळी दहालासुद्धा!”

दुसऱ्या मजल्यावरचा स्वानंद फोनवर व्हिडिओ लावून शेजारी उभा होता. “काका, हा माणूस म्हणतोय एकदम सोप्पं आहे. फक्त त्याच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट आहे.”

“आपल्याकडे गटार आहे,” प्रभाकरराव म्हणाले. गटारावरची जाळी काढून त्यांनी गाडी बरोबर वर उभी केली होती.

आणि खरं सांगायचं तर, काम झकास झालं. इंजिन थोडं गरम केलं, बोल्ट सुटला, काळंकुट्ट तेल घमेल्यात आलं, बोल्ट पुन्हा बसला. तेलाचा थोडा वाटा प्रभाकररावांच्या कोपरापर्यंत आला, पण ते असो. आता नवीन तेल. पुस्तकात लिहिलं होतं तीन लिटर. विकत आणलेल्या डब्यात होतं साडेतीन. इथे फोरमन आठवले.

खऱ्यांच्या घरातून गोडेतेलाचा रिकामा कॅन कधी बाहेर गेलेला नाही. त्यातलाच एक पांढरा पारदर्शक कॅन प्रभाकररावांनी आणला, त्यावर स्केचपेनने लिटरच्या खुणा केल्या, नवंकोरं सोनेरी तेल बरोबर तीन लिटर मोजून भरलं आणि कॅन कट्ट्यावर ठेवला. मग नरसाळं आणायला वर गेले.

कट्ट्यावर आणखी एक तसाच कॅन होता. तो सुमतीबाईंचा. त्यातही तीन लिटर सोनेरी तेल होतं. तिळाचं. शीळफाट्याच्या अलीकडे एक लहानसं मारुतीचं देऊळ आहे, तिथे त्या एकवीस शनिवार तेल वाहत होत्या आणि आज एकविसावा होता. रिक्षावाला पोपट तेल पुढे पोचवणार, आणि स्तोत्राची अकरा आवर्तनं संपवून सुमतीबाई मागून जाणार, असं ठरलेलं. बाराच्या आरतीआधी तेल देवाला वाहायचं.

पोपट आला, हाताला जवळ लागला तो कॅन उचलला आणि निघून गेला.

प्रभाकरराव नरसाळं घेऊन खाली आले. कट्ट्यावर कॅन होता. खुणा मात्र नव्हत्या.

“तेलकट हात लागून पुसल्या बघ,” ते स्वानंदला म्हणाले. “म्हणून आपण आधी मोजतो!”

आणि त्यांनी तीन लिटर अस्सल तिळाचं तेल गाडीत ओतलं. थोडं बाहेर, गरम इंजिनावरही सांडलं. झाकण लावलं, चावी फिरवली.

“काय आवाज आहे! लोण्यासारखी चालतेय.”

“काका,” स्वानंद नाक वर करून म्हणाला, “कोणाकडे तरी तळण चाललंय.”

पहिल्या मजल्यावरच्या निशाताई खिडकीत आल्या. “अगं बाई, माझा उपास आहे हो! कोण करतंय?”

बॉनेटमधून धूर यायला लागला. खमंग धूर. पार्किंगमधलं मांजरसुद्धा येऊन बंपरपाशी बसलं. प्रभाकररावांनी कॅन उचलून वास घेतला, इंजिन झटकन बंद केलं आणि रिकाम्या कट्ट्याकडे पाहिलं. तेवढ्यात हातात फुलांची पुडी घेऊन सुमतीबाई उतरल्या.

“पोपट तेल घेऊन गेला वाटतं?”

“तेल घेऊन गेला,” प्रभाकरराव म्हणाले. “माझं.”

सुमतीबाईंना समजायला एक क्षण लागला. मग त्या लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. “अहो! मारुतीच्या अंगावर इंजिनाचं तेल?”

“फोन करा त्याला!” स्वानंद ओरडला.

“उचलणार नाही. रिक्षा चालवताना फोन उचलायचा नाही, अशी मीच त्याला शपथ घातलीय,” सुमतीबाई म्हणाल्या.

स्वानंदची गाडी शोरूमला होती. खऱ्यांची गाडी फोडणीला होती. नवराबायको धावत नाक्यावर गेले आणि मिळेल ती रिक्षा पकडली.

“लवकर चला हो, देवाचं काम आहे,” सुमतीबाई म्हणाल्या.

“ताई, पुढे मेट्रोचं खोदलंय. देवालापण थांबावं लागतं,” रिक्षावाला म्हणाला आणि एका ट्रकच्या मागे जाऊन शांतपणे उभा राहिला.

अकरा वीस झाले. ट्रक हलेना. प्रभाकररावांनी धीर द्यायचा प्रयत्न केला. “एवढं काय मनाला लावून घेतेस? उत्तम तेल आहे ते. चार हजार किलोमीटर तरी टिकलं असतं देवाला.”

सुमतीबाईंनी तोंड बाहेर वळवलं.

“बरं, नवस कसला होता ते तरी सांग. आपल्या पोरीच्या, उर्वीच्या नोकरीचा?”

“नाही.”

“मग?”

“तुम्हाला आत नेलं होतं ना, अँजिओप्लास्टीला,” त्या फुलांच्या पुडीकडे बघत म्हणाल्या. “बाहेर बाकावर बसून बोलले होते. हे चालत घरी आले तर एकवीस शनिवार तेल वाहीन. तुम्ही चालत आलात.”

प्रभाकररावांनी कोपरापर्यंत काळे झालेले हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले.

“काय म्हणालात?”

“काही नाही. उकडतंय.”

देवळापाशी उतरले तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. सुमतीबाई चप्पल काढायच्या आतच आत पाहू लागल्या. मारुती शेंदरात शांत उभा होता. कोरडा. आणि देवळाची राखण करणाऱ्या हौसाबाई स्टुलावर चढून लोखंडी दाराच्या बिजागरीत वाटीने तेल सोडत होत्या. पोपट स्टूल धरून उभा होता.

“यं बाये,” हौसाबाई म्हणाल्या. “त्याल पाठवलंस का गॅरेज? माझा मालक तीस वर्षं टेम्पो चालवायचा. बोटावर घेतलं नि वळखलं. हे देवाला नाय चालायचं, म्हटलं, पन दाराला चालंल. बघ!”

त्यांनी दार ढकललं. वर्षानुवर्षं किंचाळणारं ते दार आवाज न करता उघडलं.

सुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घड्याळ दिसलं. “पण माझं तेल? ते तर इंजिनात गेलं! बाराच्या आत तीन लिटर...”

बाहेर रुईच्या माळा विकणाऱ्या बाईकडे तेल होतं, पण अंगठ्याएवढ्या बाटल्यांत. पन्नास मिलीच्या.

“साठ द्या,” प्रभाकरराव ताबडतोब म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी भाव विचारला नाही.

मग जे झालं ते त्या देवळाने कधी पाहिलं नसेल. चौघं ओट्यावर मांडी घालून बसले आणि बुचं उघडू लागले. बुचं हट्टी होती. पोपट दातांनी उघडायला गेला, तर हौसाबाईंनी त्याला चापट मारली. “देवाचं त्याल उष्टं करतोस, मेल्या?” प्रभाकररावांचे हात निसटत होते, म्हणून त्यांना मोजणी दिली. “छत्तीस... सदतीस... पोपट, ही अर्धी सांडलीस, ही धरायची नाही, आणखी एक आण!” रांगेतले भक्तही बसले. एका आजोबांनी एकट्याने नऊ उघडल्या. बाराला दोन मिनिटं असताना शेवटची बाटली कळशीत रिकामी झाली, आणि सुमतीबाईंनी संथ, अखंड धार धरली. घंटा वाजली तेव्हा धार संपली होती.

दुपारी शोरूमचं टोइंगचं वाहन सोसायटीत आलं. सोबत टॅब घेऊन विनिता. प्रभाकररावांना पाहून ती आधीच दोन पावलं मागे सरकली.

“सर, इंजिन पूर्ण धुवावं लागेल. फिल्टर बदलायला लागेल. आणि... इतर किरकोळ.”

सगळी सोसायटी खिडकीत आली.

“करा,” प्रभाकरराव म्हणाले.

विनिताने टॅबवर नाव पुन्हा तपासलं. “सर, खरेच ना?”

“हो. जे सांगाल ते करा. मी काही विचारणार नाही.”

गाडी चढवली. प्रभाकररावांनी हात स्वच्छ धुतले, धुतलेला सदरा घातला आणि टोइंगवाल्याच्या शेजारी जाऊन बसले.

“तुम्ही कशाला जाताय?” सुमतीबाई म्हणाल्या. “ते नेतील की. जरा पडा.”

“जायला हवं. रिक्षात बोललोय तसं,” ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की स्वानंदला तो सुमतीबाईंचाच वाटला.

सुमतीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हाच चेहरा घेऊन त्या स्वतः एकवीस शनिवार घराबाहेर पडल्या होत्या. त्यांनी खिडकीतून आत हात घालून त्यांच्या हातावर प्रसादाची साखर ठेवली, आणि वाहन ठाण्याच्या दिशेने निघालं.