माघारीच्या कळेची बखर

श्रीगजाननास नमन करून, बुद्धीस सबुरी देणारी जी शारदा तिचे चरणी मस्तक ठेवून, घडले वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी कोणे एके राज्यी संगणकाचे कारखाने बहुत भरभराटीस आले होते. राज्याचे धनी रंगरावसाहेब यांनी पदरावरील नक्षी रेखाटण्याचे साधन विणकरांकरिता करविले, आणि दोघांनी दोन यंत्रांवर बसोन एकच नक्षी काढावी ऐसी सोय केली, मग हुकूम जाहला की, चुकलेली रेघ मागे घ्यावयाची कळ त्यात असावी, आणि दसऱ्यास विणकर मंडळी येतील तो सिद्ध व्हावी. विडा मृण्मयीबाईंनी उचलला. बाई आज्ञावली लिहिण्यात निष्णात, हातास यश, मनी म्हणाल्या, "कळ ती केवढी!" आणि लिहून मोकळ्या जाहल्या.

मग काम परीक्षेस इस्माईलभाई मुजावर यांजकडे गेले. भाईंचा लौकिक ऐसा की, दुसऱ्याचे भक्कम काम मोडावे आणि हसतमुखे सांगावे. त्यांनी एका यंत्रावर वेल काढिली, दुसऱ्यावर पोपट काढिला, मग वेलीच्या यंत्रावर कळ दाबिली, तो वेल जागच्या जागी आणि पोपट गुप्त! भाई बोलले, "बाई, माघार आपली आणि गारद शेजारी! ऐसे जाहले तर विणकर या साधनास हात लावणार नाहीत." बाईंनी कळ नव्याने लिहिली, ज्याची रेघ त्यानेच मागे घ्यावी ऐसा बंदोबस्त केला. मग भाईंनी एकीकडे फूल काढिले, दुसरीकडून त्यात रंग भरिला आणि फूल मागे घेतले, तो रंगास आधार उरला नाही आणि दोन्ही यंत्रे मूर्च्छित पडली. बाईंनी तेथे ठिगळ लाविले, तो पोपट पुन्हा गुप्त होऊ लागला. पोपट सावरिला, तो भलतीकडेच उसवले. बाईंस अन्न गोड लागेना. ऐशात रंगरावसाहेब खासा येऊन बोलले, "बाई, दसरा तोंडावर आला. कळच काढून टाकावी काय?" बाई म्हणाल्या, "कळ राहू द्यावी साहेब. मी लिहिलेले तेवढे सारे टाकून देते." साहेब थक्क जाहले, परंतु बाईंचा स्वर ऐकोन मान डोलाविली.

मग बाईंनी भाईंस शेजारी बसविले आणि म्हणाल्या, "भाई, मोडण्याच्या जितक्या रीती ठाऊक, तितक्या आधी सांगा." भाई रंगात येऊन सांगत गेले, आणि बाईंनी त्या साऱ्या परीक्षा यंत्रासच नेमून दिल्या, की आज्ञावलीची एक ओळ बदलली तरी आपोआप व्हाव्या. त्यावर कळ मुळापासोन लिहिली, आणि एकाच्या कामावर दुसऱ्याचा हात फिरला असेल तर यंत्राने ते परस्पर मागे घेऊ नये, आधी विचारावे, ऐसा नियम घातिला. भाईंनी नाना परी हल्ले केले, कळ ढळली नाही. "हरलो बाई," म्हणोन भाईंनी पेढे आणविले.

दसऱ्यास विणकर आले. यमुनाक्का एका यंत्रावर आणि त्यांची धाकटी जाऊ द्रौपदी दुसऱ्यावर बसली. अक्कांनी मोर काढिला, मान वाकडी जाहली. त्यांस उमजेतो द्रौपदीने निळा रंग भरलाही. अक्कांनी कळ दाबिली, तो यंत्राने विचारिले, "यात द्रौपदीबाईंनी रंग भरला आहे. मोर मागे घ्यावा काय?" अक्का मोराकडे पाहत राहिल्या, मग जावेस म्हणाल्या, "अगं, तुझ्या रंगानं मान वाकडी कुठं दिसतीय? मागं वळून बघतोय जणू. असू दे." आणि नकारावर बोट ठेविले.

येणेप्रमाणे कळ फत्ते जाहली. मोडणाऱ्याचे आधी ऐकोन मग बांधावे, ही चाल त्या राज्यी तेव्हापासोन पडली. कथिले ते खरे जाणोन वाचणारांनी आपले काम निर्भय करावे, इति.