धरलेलं आणि सोडलेलं

घड्याळजीला त्याच्या बायकोने सोडल्याची बातमी त्या सकाळी घड्याळजी सोडून चर्चच्या साऱ्या मंडळीला कळली होती. कळवली होती खुद्द बायकोनेच. पहाटेची प्रार्थना आटोपून तिने महिलांच्या प्रार्थना-गटावर लिहिलं होतं, ‘पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आज यांना मनापासून सोडलं. फार हलकं वाटतंय.’ एवढं लिहून ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला गेली. तिथे फोन बाहेरच्या कपाटात ठेवूनच आत जावं लागे.

पाळकांनी रविवारी उपदेशात सांगितलं होतं ते इतकंच, की कुणाचा अपराध मनात घट्ट धरून बसलं तर प्रार्थना छताच्या वर जात नाही. आधी धरलेलं सोडा, मग मागा. तिचं मागणं जुनं होतं. तिचा नवरा आणि थोरले दीर यांनी एकमेकांशी बोलावं. दोघांचं दुकान एकच, पण बारीक पेचकस कुणी हरवला यावरून भांडण झालं आणि मधोमध प्लायवुड उभं राहिलं. अलीकडे घड्याळजी, पलीकडे चष्मेवाला. आणि तिने धरून ठेवलं होतं ते एक गजराचं घड्याळ. तिच्या आईचं. त्याच्या गजरावर ती पहाटे उठायची. नवऱ्याने ते साफ करायला म्हणून उघडलं आणि तेव्हापासून ते पत्र्याच्या डब्यात सुटंसुटं पडून होतं. तो अपराध तिने आज माफ करून टाकला होता.

घड्याळजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता, तेवढ्यात बेकरीवाली मावशी आली आणि तिने काउंटरवर पाव ठेवला.

“हे काय मावशी? घड्याळ बंद पडलं का?”

“माझं नाही रे बाबा. तुझंच बंद पडलं. खा दोन घास. आता करून घालणारं कोण आहे तुला?”

“का? ही कुठे गेली?”

“ते तुला सांगून जाईल होय? सोडलं तिने तुला.”

घड्याळजीच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. “कधी?”

“पहाटे. पण रागाने नाही हो, प्रार्थना करून सोडलं. तेवढं तरी मन मोठं आहे पोरीचं.”

त्याने बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग त्याला एकेक आठवू लागलं. सकाळी तिने चहात न मागता साखर जास्त घातली होती. गुणगुणत होती. आणि रोज जाताना ‘येते’ म्हणणारी बायको आज ‘निघते’ म्हणाली होती. त्याने पुन्हा एकदा फोन लावून पाहिला.

तेवढ्यात पाळक आले. सायकल नीट उभी करण्याइतकाही धीर त्यांना नव्हता.

“बंधू, मी असं सांगितलेलं नाही!”

“काय सांगितलेलं नाही?”

“तुम्हाला सोडायला! मी म्हणालो, इतकी वर्षं जे धरून ठेवलंय ते सोडा. आता मला काय माहीत, ती तुम्हाला धरून बसली होती ते!”

“अहो, मग सांगा ना तिला पुन्हा धरायला!”

“सांगतो, सांगतो. पण आधी खरं बोला. तुमच्या हातून काय अपराध घडला?”

घड्याळजीने खाली पडलेलं भिंग उचलून पुसलं. मावशी पाव कापता कापता कान देऊन होती. प्लायवुडच्या पलीकडचा काच पुसण्याचा आवाजही थांबला होता.

“एक घड्याळ आहे तिच्या आईचं,” तो अखेर म्हणाला. “रोज म्हणायची जोडा, रोज म्हणायचो उद्या.”

“मग आज जोडा!” पाळक म्हणाले. “ती असेल तिथे मी स्वतः घेऊन जातो.”

डबा निघाला. चाकं, दातेरी चकत्या, स्प्रिंग, सगळं फडक्यावर मांडलं गेलं. रिकाम्या पेटीचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं होतं, पण आतले स्क्रू मोहरीएवढे.

“याला बारीक पेचकस लागतो,” तो म्हणाला आणि प्लायवुडकडे न बघता थांबला.

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. मग चष्मेवाला बाहेरून वळसा घालून दारात उभा राहिला. हातात नवा पेचकस.

“पाळकसाहेब, त्याला सांगा, हा तरी परत द्यायचा.”

“देईन म्हणावं,” घड्याळजी पाळकांकडे बघून म्हणाला.

झाकण उघडलं आणि आतून टणकन काहीतरी फडक्यावर पडलं. पिवळ्या मुठीचा बारीक पेचकस. ज्यापायी प्लायवुड उभं राहिलं तोच.

मावशीने सुरी खाली ठेवली.

“दादा,” घड्याळजी म्हणाला. “तू खरं बोलत होतास. मीच आत विसरलो आणि तुलाच खोटं पाडलं. चुकलो.”

चष्मेवाल्याने या घटकेसाठी एक अख्खं भाषण तयार ठेवलं होतं. ग्राहक नसताना तो ते मनातल्या मनात घोकत असे. त्याने तोंड उघडलंही. पण समोर बायकोने टाकलेला धाकटा भाऊ शेजारी मावशीचा पाव घेऊन बसलेला.

“जाऊ दे, धाकट्या,” तो म्हणाला. “आज तुला आणखी काय बोलायचं? सोडलं मी.”

“बघा! हेच!” पाळक ओरडले. “हेच सोडा म्हणालो होतो मी!”

आणि बोलता बोलता त्यांनी कपाळावर हात मारला. घड्याळजी त्यांच्याकडे पाहू लागला.

“म्हणजे पाळकसाहेब... तिनेसुद्धा हेच सोडलं? मला नाही?”

“घड्याळाचं सोडलं हो, घड्याळाचं!”

“म्हणजे बायको गेलेलीच नाही?” चष्मेवाला दचकून म्हणाला. “मग मी उगाचच सोडलं की!”

“आता परत धरता यायचं नाही,” पाळक म्हणाले आणि त्यांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला.

संध्याकाळी बायको घरी आली ती दुकानावरूनच. प्लायवुड उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं आणि दोघे भाऊ त्यावर चहा पीत घड्याळात किल्ली कशी भरायची यावर हुज्जत घालत होते. ती दुकानाच्या दारातच थबकली. एवढ्या वर्षांची प्रार्थना, आणि सोडल्यावर एका दिवसात वर पोचली! तिने पदराने डोळे टिपले. फोन उघडायचं तिच्या लक्षातच आलं नाही, हे बरं झालं. फोनमध्ये तिला धीर देणाऱ्या मावश्यांची रांग लागली होती.

त्या रात्री ती घड्याळ उशाशी घेऊन, गजर लावून निवांत झोपली. गजर वाजलाच नाही. ऊन तोंडावर आलं तेव्हा ती धडपडून उठली. पहाटेची प्रार्थना बुडाली होती, कधी नव्हे ती. जोडताना फडक्यावर एक दातेरी चकती उरली होती, ती नवऱ्याने गुपचूप डब्यात परत टाकली होती.

“अहो!”

घड्याळजी पांघरुणात आणखी आत सरकला. मग गुडघे टेकल्याचा आवाज, पुटपुटणं आणि एक लांब सुस्कारा.

“काय गं?” त्याने आतूनच विचारलं.

“काही नाही. पुन्हा सोडलं.”

“बरं,” तो म्हणाला. “पण गटावर लिहू नकोस.”