एक काना जास्त

हर्सूलच्या एका मुलींच्या वसतिगृहात सोमनाथ कारकून होता, पण अजून कायम झालेला नव्हता. टायपिंगची तीन प्रमाणपत्रं त्यानं खुर्चीमागं चौकटीत लावली होती. एवढं शिकल्यावर टाइप केलेलं पुन्हा वाचायचं कशाला, असं त्याचं साधं म्हणणं. आज स्वयंपाकिणीच्या मुलाखती नीट पार पडल्या, की अधीक्षक नानासाहेब त्याला कायम करायचं बघणार होते.

अकराच्या सुमारास पाचोडच्या गीताबाई आल्या. त्यांनी पोत्यातून लोखंडी पायली, मापटं, चिपटं असं धान्य मोजायचं सगळं खानदान टेबलावर मांडलं.

"मावशी, प्रमाणपत्रं कुठंयत?"

"तुम्ही मागितलीच नाय की."

"मग हे काय?"

"मागितलं ते." त्यांनी पत्र पुढं केलं. 'उमेदवारांनी मूळ प्रमाणपात्रांसह हजर राहावे, अन्यथा अपात्र ठरवण्यात येईल.'

सोमनाथच्या तोंडचं पाणी पळालं. एक काना जास्त पडला होता.

"प्रमाणपात्रं म्हंजी मापाची भांडी. मूळचीच हायती, आजेसासूची."

"हळू बोला! पण कागद नसतील तर तुम्ही अपात्र."

"इतकी पात्रं आणून अपात्र?"

हे ऐकून नानासाहेब आतून आले. भांडी पाहून त्यांचं कुतूहल चाळवलं. "ऐंशी पोरींच्या खिचडीला तांदूळ किती?"

"दोन पायल्या. परीक्षा असंल तर दोन मापटी कमी. भेवानं पोरी जेवत नायत."

नानासाहेब खूश झाले. त्यांनी कागदांचा फोटो मोबाईलवर मागवला. गीताबाईंच्या सुनेनं घरून लगेच पाठवला. अट होती सातवी पास, आणि फोटोत होतं बी.ए., मराठी, प्रथम श्रेणी.

"अहो, मग चूक कळली नाही?"

"कळली ना साहेब. पण हापिसाचा कागद दुरुस्त करणारी मी कोण? म्हटलं, पाळावा."

सोमनाथला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण नानासाहेब पोट धरून हसले. गीताबाईंना नोकरी मिळाली. सोमनाथलाही कायम करायचं ठरलं, फक्त यापुढं प्रत्येक पत्र आधी स्वयंपाकघरात दाखवायचं.

आठवड्यानं त्यानं स्वतःच्या कायम होण्याचा आदेश आनंदानं टाइप केला आणि धावतच तिकडं नेला. गीताबाईंनी कणीक मळता मळता वाचला. 'श्री. सोमनाथ यांना सेवेतून कायम करण्यात येत आहे.'

"सोमनाथभाऊ," त्या म्हणाल्या, "सेवेत का सेवेतून? जायचंच असंल तर ऱ्हाऊ द्या तसंच."